भोवळ की फिट? तिरक्या टेबलावर मिळणारे उत्तर

खुलताबाद : चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. नगर नाका, मिटमिटा, शरणापूर, दौलताबादचा घाट असे सुमारे २५ किलोमीटरचे अंतर भाविक रात्रभर पायी तोडतात आणि हनुमान जयंतीच्या पहाटे भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी रांगेत उभे राहतात. श्रावणातल्या शनिवारीही या रस्त्यावर अशीच वर्दळ असते. अशा यात्रांतून एक दृश्य पाहायला मिळते. घाट चढून आलेली, वाटेत कुठेही न अडखळलेली एखादी तरुणी रांगेत अर्धा-पाऊण तास उभी राहते. मग तिला गरगरू लागते, अंगाला दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढराफटक पडतो आणि ती जागेवर कोसळते. हातपाय दोन-चार वेळा झटकले जातात. तेवढ्यात गर्दीतून आवाज येतो, ‘फिट आली, फिट आली!’ कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. मिनिटभरात मुलगी डोळे उघडते, आजूबाजूच्यांना ओळखते आणि ‘मला काय झालं होतं?’ असे विचारते.

हा प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या उत्तरावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ती फिट, म्हणजे अपस्माराचा झटका होता, की रक्तदाब अचानक उतरल्याने आलेली भोवळ? बहुतेक वेळा नीट विचारपूस, तपासणी आणि ईसीजी यांवरून डॉक्टरांना हे ठरवता येते. परंतु प्रकार वारंवार घडत असेल आणि कारण हाती लागत नसेल, तर ‘टिल्ट टेबल’ चाचणीचा आधार घेतला जातो. रुग्णाला एका टेबलावर बांधून, ते टेबल तिरके उभे करून, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत भोवळ येते का हे पाहण्याची ही पद्धत ऐकायला विचित्र वाटते. तिच्यामागचे शास्त्र मात्र सोपे आहे आणि ते रांगेतल्या त्या प्रसंगातच दडलेले आहे.

चालताना नाही, उभे राहिल्यावर का?

माणूस आडव्या स्थितीतून उभा राहिला, की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त छातीकडून पोटाच्या व पायांच्या शिरांमध्ये उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब घसरू लागतो. मानेतील व हृदयाजवळील मोठ्या रोहिण्यांच्या भित्तिकांमध्ये दाब मोजणारी सूक्ष्म संवेदनकेंद्रे असतात. ती ही घसरण तत्काळ ओळखतात आणि मेंदूला वर्दी देतात. मेंदू हृदयाची गती किंचित वाढवतो, रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि दाब पूर्ववत होतो. हे सारे काही सेकंदांत, आपल्या नकळत घडते. श्वास, घाम, पचन, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा कारभार असा परस्पर चालवणाऱ्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात.

या यंत्रणेला पायांच्या स्नायूंची मोठी मदत असते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक शिरांना दाबतात आणि रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला शरीराचे ‘दुसरे हृदय’ म्हटले जाते. रात्रभर २५ किलोमीटर चालणाऱ्याला वाटेत काही होत नाही, याचे एक कारण हेच. रांगेत पाय स्थिर झाले, की हा पंप बंद पडतो. त्यात रात्रीचे जागरण, उपवास, घामावाटे गेलेले पाणी आणि चैत्राचा उकाडा यांची भर पडते. उष्णतेमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाकडे येणारे रक्त आणखी घटते. काही व्यक्तींमध्ये अशा वेळी मज्जासंस्थेचा प्रतिसाद उलटा होतो. रक्तवाहिन्या आकुंचित होण्याऐवजी सैल पडतात आणि वेगस नावाच्या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती वाढण्याऐवजी मंदावते. दोन्हींचा परिणाम म्हणून रक्तदाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद जरी खंडित झाला, तरी शुद्ध हरपते. ब्रिटिश हृदयविकारतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये या प्रकाराला ‘व्हॅसोव्हेगल’ मूर्च्छा हे नाव दिले. ‘व्हॅसो’ म्हणजे रक्तवाहिन्यांशी आणि ‘व्हेगल’ म्हणजे वेगस मज्जातंतूशी संबंधित.

माणूस कोसळला, की तो आपोआप आडवा होतो, रक्त पुन्हा हृदयाकडे व मेंदूकडे येते आणि शुद्ध परतते. एका अर्थाने पडणे हाच या भोवळीवरचा निसर्गाने दिलेला उपाय आहे. म्हणूनच अशा व्यक्तीला दोघांनी काखेत धरून उभे करणे किंवा खुर्चीवर बसवणे चुकीचे ठरते. तिला सपाट झोपवावे आणि पाय थोडे उंच करावेत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये.

एका शब्दाची किंमत

भोवळीत हातपाय झटकले जातात, हे अनेकांना ठाऊक नसते आणि घोटाळा इथेच होतो. जर्मनीतील संशोधकांनी १९९४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांचे चित्रीकरण केले. पूर्ण बेशुद्ध पडलेल्या ४२ जणांपैकी ९० टक्के व्यक्तींच्या अंगाला झटके आल्याचे त्यात दिसले. त्यांच्यापैकी कोणालाही अपस्मार नव्हता. मेंदूला क्षणभर रक्त न मिळाल्याची ती प्रतिक्रिया होती. परंतु घाबरलेले नातेवाईक दवाखान्यात ‘मुलीला फिट आली, हातपाय वाकडे झाले’ एवढेच सांगतात आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढ्यावर अपस्माराची गोळी सुरू होण्याची शक्यता असते. ब्रिटनमधील एका अभ्यासात अपस्माराचे निदान झालेले, पण औषधांनी झटके न थांबलेले किंवा निदानाविषयी शंका असलेले ७४ रुग्ण पुन्हा तपासण्यात आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ३१ जणांमध्ये झटक्यांचे कारण वेगळेच निघाले. त्या तपासणीत टिल्ट टेबल चाचणीचा महत्त्वाचा वाटा होता.

चुकीच्या निदानाची किंमत केवळ औषधांच्या खर्चात मोजता येत नाही. अपस्मारावरील काही औषधे गर्भावस्थेत बाळाला अपायकारक ठरू शकतात. वाहन चालवणे आणि यंत्रावरचे काम यांवर बंधने येतात. आणि आपल्याकडे सर्वांत जड पडते ती लग्नाची बाब. वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही हिंदू विवाह कायद्यात विवाहाला बाध आणणारी गोष्ट मानली गेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख कायद्यातून वगळण्यात आला. समाजाच्या मनातून तो इतक्या सहज गेलेला नाही. अपस्मार असणे हा दोष नव्हे आणि योग्य उपचारांनी त्याचे बहुसंख्य रुग्ण सर्वसामान्य आयुष्य जगतात, हे खरेच. पण जो आजार नाही, त्याचा शिक्का आयुष्यभर वागवणे हा अन्यायच. ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे होतात, तेव्हाही नुकसान तेच. खऱ्या कारणाचा शोध लांबणीवर पडतो.

चाचणी होते तरी कशी?

टिल्ट टेबल म्हणजे दवाखान्यातील तपासणीच्या खाटेसारखेच, पण विजेच्या साह्याने तिरके करता येणारे टेबल. पायथ्याशी पाय टेकण्यासाठी आडवी फळी असते. चाचणीपूर्वी काही तास रुग्णाला खाणे टाळण्यास सांगितले जाते. रक्तदाबाच्या, हृदयाच्या वा प्रोस्टेटच्या ज्या औषधांचा परिणाम चाचणीवर होऊ शकतो, ती चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. रुग्णाने ती परस्पर बंद करू नयेत.

चाचणीची खोली शांत, मंद प्रकाशाची आणि फार गरम वा थंड नसलेली अशी ठेवली जाते. रुग्णाला पाठीवर झोपवून छातीवर ईसीजीच्या तारा, दंडावर रक्तदाबाचा पट्टा आणि सोय असेल तेथे बोटावर प्रत्येक ठोक्यागणिक दाब टिपणारी छोटी पट्टी लावली जाते. छाती व गुडघ्यांजवळ रुंद पट्टे बांधतात. ते पडू नये यासाठी असतात. तरीही बांधले जाण्याच्या कल्पनेने काही रुग्ण बिचकतात, त्यामुळे पट्ट्यांचे प्रयोजन आधी समजावून सांगणे महत्त्वाचे ठरते. हातातील शिरेत सुई लावायची असेल, तर त्यानंतर रुग्णाला वीस मिनिटे स्वस्थ झोपू दिले जाते. एरवी किमान पाच मिनिटांची विश्रांती पुरते.

मग टेबल ६० ते ७० अंशांच्या कोनात वर उचलले जाते. रुग्ण जवळजवळ उभा असतो, पण पट्ट्यांच्या आधारामुळे पायांच्या स्नायूंना फारसे काम उरत नाही. म्हणजेच पोटरीचा पंप मुद्दाम थांबवून गुरुत्वाकर्षणाला मोकळीक दिली जाते. रांगेतली ती परिस्थितीच इथे नियंत्रित स्वरूपात पुन्हा निर्माण केली जाते. बराच वेळ काही घडत नाही आणि रुग्णाला कंटाळाही येतो. वीस मिनिटांत काही झाले नाही, तर प्रचलित पद्धतीनुसार जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा किंवा गोळी देऊन आणखी पंधरा-वीस मिनिटे निरीक्षण केले जाते. या औषधाने शिरा सैल होतात आणि ज्यांचा कल भोवळीकडे आहे त्यांच्यात ती प्रकट होण्याची शक्यता वाढते. त्याने डोके दुखू शकते, पण हा त्रास थोड्या वेळात ओसरतो.

रुग्णाला गरगरल्यासारखे, मळमळल्यासारखे वाटले, तर त्याने ते लगेच सांगायचे असते. शुद्ध हरपलीच, तर टेबल तत्काळ आडवे केले जाते आणि बहुतेक रुग्ण काही क्षणांत भानावर येतात. आलेखावर काही सेकंद हृदयाचे ठोके थांबल्याचेही कधी दिसते. ते पाहून नातेवाइकांचा थरकाप उडेल, पण आडवे करताच ठोके पुन्हा सुरू होतात. डॉक्टर आणि आपत्कालीन साधने जवळ असल्याने ही चाचणी सुरक्षित मानली जाते. या संपूर्ण प्रक्रियेला साधारण एक ते दीड तास लागतो. त्यानंतर काही वेळ विश्रांती घ्यावी आणि घरी जाताना स्वतः वाहन चालवू नये. चाचणीतला सर्वांत मोलाचा प्रश्न शेवटी विचारला जातो, ‘नेहमी होतं ते असंच होतं का?’ रुग्णाने आणि सोबतच्या नातेवाइकाने ‘अगदी असंच’ म्हटले, तर आलेखाला अर्थ प्राप्त होतो.

आलेख काय सांगतो?

चाचणीतून प्रामुख्याने चार प्रकारची चित्रे समोर येतात. पहिले व्हॅसोव्हेगल मूर्च्छेचे. त्यात बराच वेळ सारे सुरळीत असते आणि मग दाब व ठोके एकाएकी खाली येतात. कोणाच्या बाबतीत दाब कोसळणे प्रमुख असते, तर कोणाच्या बाबतीत ठोके मंदावणे.

दुसरे चित्र उभे राहताच दाब उतरण्याचे. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी सातत्याने कमी राहिला, तर हे निदान होते. यात स्वायत्त मज्जासंस्थेचे तंतूच दुबळे झालेले असू शकतात. दीर्घकाळचा मधुमेह, पार्किन्सन यांसारखे विकार तसेच रक्तदाब व प्रोस्टेटची काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे. पहाटे अंथरुणातून उठून स्वच्छतागृहाकडे जाताना पडणाऱ्या ज्येष्ठांमध्ये हा दोष जरूर तपासावा.

तिसरे चित्र ‘पॉट्स’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे. यात दाब उतरत नाही, पण उभे राहिल्यावर दहा मिनिटांत हृदयाची गती मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा त्याहून अधिक वाढते. १२ ते १९ या वयोगटासाठी ही मर्यादा ४० ठोक्यांची आहे. धडधड, थकवा, डोके हलके होणे अशा तक्रारी महिनोन्‌महिने चालू असतात. रुग्णांमध्ये तरुण स्त्रियांचे प्रमाण अधिक. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९३ मध्ये या विकाराची व्याख्या मांडली. कोविडच्या साथीनंतर बऱ्या झालेल्या काही रुग्णांतही तो आढळू लागल्याने त्याची चर्चा वाढली. ‘सगळे अहवाल नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ असे ऐकून परतणाऱ्या मुलींपैकी काहींचे उत्तर या आलेखात असू शकते.

चौथे चित्र असे, की रुग्ण निपचित पडल्यासारखा दिसतो, पण दाब, ठोके आणि मेंदूचा आलेख पूर्णपणे सुस्थितीत असतो. याचा उगम मानसिक ताणात असू शकतो. हे ढोंग नव्हे. अशा रुग्णालाही उपचारांची तितकीच गरज असते, फक्त ते मानसोपचारतज्ज्ञांकडून व्हायला हवेत.

अंतराळापासून रुग्णालयापर्यंत

तिरके टेबल हे काही नवे यंत्र नाही. उभे राहिल्यावर शरीर दाब कसा सांभाळते, हे अभ्यासण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ते प्रयोगशाळांत वापरात होते. वजनरहित अवस्थेतून परतलेल्या अंतराळवीरांना उभे राहताना होणारा त्रास तपासण्यासाठीही त्याचा उपयोग झाला. मूर्च्छेच्या निदानासाठी त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती रोझ अ‍ॅन केनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासाने. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सर्व तपासण्यांनंतरही कारण न सापडलेल्या १५ रुग्णांपैकी १० जणांना टेबलावर नेमकी तशीच भोवळ आली, तर कधीही भोवळ न आलेल्या १० जणांपैकी एकाला ती आली.

त्या एका व्यक्तीतच या चाचणीची मर्यादाही दिसते. निरोगी माणसालाही टेबलावर भोवळ येऊ शकते आणि ज्याला खरोखर भोवळ येते तो त्या दिवशी टेबलावर ठणठणीत उभा राहू शकतो. त्यामुळे केवळ चाचणी ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निर्णय होत नाही. रुग्णाची हकीकत, तपासणी, ईसीजी आणि चाचणी यांची सांगड घालावी लागते. युरोपीय हृदयविकार संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही आरंभीच्या तपासणीत हकीकत, झोपून व उभ्याने मोजलेला रक्तदाब आणि ईसीजी यांना पहिले स्थान आहे. टिल्ट टेबल त्यानंतर येते.

आधी हे तपासा

ही चाचणी मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांच्या हृदयविकार वा मज्जाविकार विभागांत होते. तालुक्याच्या ठिकाणी तिची अपेक्षा करता येत नाही. मात्र तिचे धाकटे भावंड कोणत्याही दवाखान्यात उपलब्ध आहे. रुग्णाला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब व नाडी मोजायची, मग उभे करून एक व तीन मिनिटांनी आणि पॉट्सची शंका असल्यास दहा मिनिटांपर्यंत पुन्हा मोजायची. भोवळ येऊ लागल्यास लगेच झोपवायचे. एवढ्यावर अनेकांचे निदान होते.

काही लक्षणे मात्र भोवळीच्या नावाखाली दडवू नयेत. धावताना किंवा श्रम करताना शुद्ध हरपणे, झोपलेल्या स्थितीत शुद्ध हरपणे, कोणतीही पूर्वसूचना न मिळता कोसळणे, त्याआधी छातीत दुखणे किंवा धडधडणे, कुटुंबात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे किंवा आधीच हृदयविकार असणे, यांपैकी काहीही असेल तर प्रथम हृदयविकारतज्ज्ञांकडे जावे. तेथे प्रश्न जिवाचा असू शकतो आणि टिल्ट टेबल ही त्यावेळची पहिली चाचणी नव्हे.

फिट आणि भोवळ ओळखण्यास मदत करणाऱ्या खुणाही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. भोवळीत आधी घाम, मळमळ, अंधारी येते, चेहरा पांढरा पडतो, झटके थोडे आणि अनियमित असतात आणि शुद्ध बहुधा मिनिटभरात येऊन माणूस लगेच नीट बोलतो. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात झटके पुष्कळ व एका तालात येतात, चेहरा निळसर होऊ शकतो, जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ गोंधळलेली अवस्था राहते. लघवी होणे मात्र दोन्हींत घडू शकते. त्यामुळे रुग्णाला सुरक्षित आडवे केल्यावर शेजारच्याने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण केले, तर ते डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. कांदा किंवा चप्पल यांनी तेवढाही उपयोग होत नाही.

निदानानंतर पुढे काय?

व्हॅसोव्हेगल भोवळीचे निदान झाल्यावर बहुतेकांना औषधाची गरज लागत नाही. आपल्याला काय होते आणि ते जीवघेणे नाही, हे कळणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. भरपूर पाणी पिणे, जेवण न टाळणे, उकाड्यात बराच वेळ निश्चल उभे न राहणे ही पथ्ये असतात. मीठ वाढवण्याचा सल्लाही दिला जातो, मात्र उच्च रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो स्वतःहून अमलात आणू नये. अंधारी येऊ लागताच पायांची अढी घालून मांड्या व पोटाचे स्नायू आवळणे किंवा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून जोराने ओढणे, यांनी घसरता दाब सावरता येतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२३ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांसोबत ही युक्ती शिकवलेल्या गटातील ३२ टक्के रुग्णांना पुन्हा भोवळ आली, तर न शिकवलेल्या गटात हे प्रमाण ५१ टक्के होते. ते शक्य नसेल, तर सरळ खाली बसावे किंवा आडवे व्हावे. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. उभे राहताच दाब उतरणाऱ्यांमध्ये औषधांचा फेरआढावा, हळूहळू उठणे आणि घट्ट पायमोजे यांचा उपयोग होतो. पॉट्समध्ये टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम महत्त्वाचा असतो. काही रुग्णांना औषधे आणि अगदी मोजक्यांना पेसमेकर लागतो.

खुलताबादचा भद्रा मारुती निद्रिस्त रूपात आहे. त्याच्या दर्शनासाठी तासन्‌तास उभे राहणाऱ्यांपैकी एखादा कोसळला, तर त्यालाही क्षणभर आडवेच राहू द्यावे. आणि तो सावरल्यावर त्याच्या प्रकृतीला घाईने कोणतेही नाव देऊ नये. ते नाव रांगेतल्या गर्दीने ठरवायचे नसते, तपासणीने ठरवायचे असते.